घरची तालीम : कोणाची आणि कशासाठी?

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवावे असे ठरवणारे पालक आता महाराष्ट्रातही आढळतात. ही मंडळी बहुधा पुण्या-मुंबईकडची, शिकलेली आणि खाऊन-पिऊन सुखी असतात. त्यांच्यासाठी इयत्तेप्रमाणे तयार अभ्यासक्रम मिळतात. त्यांतला सहावीचा अभ्यासक्रम वाचला की कुठल्याही शिक्षकाला हेवा वाटावा. रोमन साम्राज्याचा इतिहास गोष्टींतून शिकायचा, परकाराने भूमिती काढून ती रंगवायची, दगड-खनिजे गोळा करायची, ध्वनी-प्रकाश-उष्णतेचे प्रयोग करायचे, व्याजाचे हिशेब मांडायचे, आणि या सगळ्याच्या जोडीला चित्र, गाणे, विणकाम, मातीकाम, नाटक. परीक्षा नाही आणि घोकंपट्टीही नाही. मुलाचे डोके, हात आणि मन यांना बरोबरीने वाढू द्यावे, अशी त्यामागची भूमिका आहे.

आमच्या धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे २०२३ पर्यंत सरकारदरबारी उस्मानाबाद म्हटल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात, ‘घरी शिकते’ या शब्दांचा अर्थ वेगळा आहे. गावची उर्दू शाळा जिथे संपते तिथे हे शब्द सुरू होतात. कुठे ती पाचवीला संपते, कुठे सातवी-आठवीला. पुढची शाळा दुसऱ्या गावी असते, एस.टी. वेळेवर येत नाही, मुलगी ‘मोठी’ झालेली असते. हजेरीपटावरून नाव कमी होते आणि विचारले तर उत्तर येते, ‘‘घरी शिकते की! कुराण झाले, शिवण शिकते, आईला मदत करते.’’

दोन्ही घरांत शब्द एकच आहे. एका घराने शाळेच्या पलीकडचे काही द्यायचे म्हणून मूल घरी ठेवले. दुसऱ्या घराने शाळेपर्यंत पोहोचता येत नाही म्हणून ठेवले. प्रश्न मात्र दोघांनाही एकच विचारावा लागतो. मुलाच्या संपूर्ण शिक्षणाची जबाबदारी घर आपल्या अंगावर घेऊ शकते काय? आणि घेऊ शकत असेल, तर तेवढ्यावरून तसे करण्याचा अधिकार त्याला मिळतो काय? आम्ही उर्दू माध्यमात शिकवणारी माणसे आहोत. हा प्रश्न आमच्यासाठी पुस्तकी नाही. दर जूनमध्ये हजेरीपट नव्याने लिहिताना तो समोर येतो.

आधी कलेचे पाहू. ‘चित्र आणि गाणे हे भरल्या पोटाचे चोचले, आमच्या मुलांना गणित-इंग्रजी आले तरी पुष्कळ’ असे आमच्यातलेच लोक म्हणतात. इतिहास वेगळे सांगतो. ज्या शाळेवरून असे कलासमृद्ध अभ्यासक्रम निघाले ती शाळा रुडॉल्फ स्टायनर यांनी १९१९ साली जर्मनीतील स्टुटगार्ट येथे काढली. ती वाल्डॉर्फ-अस्टोरिया नावाच्या सिगारेट कारखान्यातील कामगारांच्या मुलांसाठी होती. आज जे शिक्षण श्रीमंतांचे वाटते ते आरंभी तंबाखूच्या कामगारांच्या मुलांचे होते. विडी कामगारांचे सोलापूर आमच्या शेजारीच आहे. तिथल्या किंवा इथल्या कामगाराच्या मुलीने हातात रंग धरणे ही चैन कशी म्हणावी?

एवढ्या दूर जायचेही कारण नाही. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला महात्मा गांधींनी शिक्षण परिषद भरवली. तिथे नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन. जन्माने हैदराबादचे, म्हणजे ज्या संस्थानात आमचा जिल्हा होता त्याच संस्थानाच्या राजधानीचे. १९६७ साली ते भारताचे राष्ट्रपती झाले. सात ते चौदा वयाच्या मुलांसाठी त्यांच्या समितीने सात वर्षांचा अभ्यासक्रम आखला. मातृभाषा, गणित, समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान यांच्या पंक्तीला त्यात चित्रकला आणि संगीत होते. साडेपाच तासांच्या दिवसातले तीन तास वीस मिनिटे हस्तोद्योगाला होती. संगीत, चित्रकला आणि अंकगणित मिळून चाळीस मिनिटे, मातृभाषेला चाळीस, समाजशास्त्र व विज्ञानाला तीस, आणि व्यायाम व सुटी प्रत्येकी दहा मिनिटे. हे वेळापत्रक खेड्यातल्या गरीब मुलासाठी होते. हाताने काम केल्याशिवाय डोके पुरे उघडत नाही, हा त्यामागचा विश्वास होता.

त्या योजनेवर पुष्कळ टीका झाली. मुस्लिम लीगनेही केली. पुढे योजना मागे पडली. तरी एक गोष्ट त्या समितीने तेव्हाच बजावून ठेवली होती. हस्तोद्योगात उत्पन्नाकडे लक्ष गेले आणि शिक्षणाकडे दुर्लक्ष झाले तर सगळाच घात होईल. या इशाऱ्याकडे पुन्हा यावे लागेल.

आज कागदावर कला कुठेच गैरहजर नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कलाशिक्षणाला सर्व टप्प्यांवर अभ्यासक्रमाचा भाग मानले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक कारागिरांकडे शिकावे असे म्हटले आहे. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची उघडून पाहा. उच्च प्राथमिक शाळेला कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे अंशकालीन निदेशक मिळायचे ते पटसंख्या शंभराच्या वर असेल तर. खेड्यातली उर्दू शाळा शंभरावर कधी जायची? म्हणजे जिथे घरात रंगाची डबी येणार नाही, त्याच शाळेत कलेचा शिक्षकही येणार नाही. ज्याच्या घरी आहे त्याला शाळेतही मिळते आणि ज्याच्या घरी नाही त्याला कुठेच मिळत नाही. कला हा चोचला आहे की हक्क, या प्रश्नाचे उत्तर आपण बोलून कसेही देऊ, पटसंख्येच्या अटीने ते केव्हाच देऊन टाकले आहे.

आता आमच्या घरातला प्रश्न. मुस्लिम समाजात कला म्हटले की कपाळाला आठ्या पडतात. सजीवांच्या चित्रांबद्दल आणि वाद्यसंगीताबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि ते जुने आहेत. त्यांचा निकाल लावणे हे आमचे काम नाही. ज्या पालकाला आपल्या मुलाने माणसाचा चेहरा काढू नये असे मनापासून वाटते त्याचा आम्ही उपमर्द करत नाही. पण मतभेद आहेत म्हणून सगळी कलाच हद्दपार करायची, हे मात्र आमच्याच वारशाशी बेइमानी करणे आहे. खुशखती आणि खत्ताती आमचीच ना? तख्तीवर बोरूने ‘अलिफ’ काढताना किती नुक्त्यांची उंची ठेवायची, याचे माप शिकणारे मूल प्रमाणबद्धता शिकत असते. मशिदीच्या जाळीवरची नक्षी परकार आणि पट्टी यांच्यातूनच निघते. वर्तुळ काढा, त्याच त्रिज्येने परिघावर खुणा करत जा. सहा खुणांत परकार बरोबर जिथून निघाला तिथे परत येतो. खुणा जोडल्या की षटकोन, एक सोडून एक जोडल्या की दोन त्रिकोण आणि षट्कोनी तारा. सहावीच्या मुलाला ही जादू स्वतःच्या हाताने एकदा करू द्यावी. मग त्याला ‘भूमिती म्हणजे काय’ हे सांगावे लागत नाही. मुलीला तर त्याहून सोपे आहे. मेंदीच्या कोनातून तळहातावर ती जी वेल उतरवते तिच्यात सममिती आहे. क्रोशाची टोपी विणताना प्रत्येक फेरीला किती टाके वाढवायचे याचा हिशेब ती तोंडी ठेवते. त्याला आपण गणित म्हणत नाही आणि कलाही म्हणत नाही. नुसते ‘बायकांचे काम’ म्हणतो.

संगीताचेही तसेच. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा १५८० ते १६२७ या काळात गादीवर होता. त्याने ‘किताब-ए-नौरस’ हा गीतांचा ग्रंथ दखनी भाषेत रचला, रागांच्या नावांखाली. त्यात गुलबर्ग्याच्या ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज यांचे स्तवन आहे आणि सरस्वतीचेही आहे. त्याच्याच काळात, १६१३ साली, आमच्या नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवरचा बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल बांधला गेला. पावसाळ्यात ‘नर’ आणि ‘मादी’ हे दोन धबधबे त्यावरून कोसळतात आणि माणूस आत कोरड्या महालात उभा राहून ते पाहतो. ज्या राजाला राग कळत होता त्याच्याच राज्यात पाण्याचा दाब कळणारे कारागीरही होते, ही गोष्ट आमच्या मुलांना कोणी सांगितली आहे काय? कला एका कप्प्यात आणि विज्ञान दुसऱ्या कप्प्यात, ही विभागणी आमची नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, परदेशी अभ्यासक्रमात सहावीला जे जे आहे ते ते या जिल्ह्यात पायाखाली पडले आहे. रोमन इतिहास शिकायचा आहे? तेरला चला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात ज्या ‘तगर’ शहराचा उल्लेख येतो ते हेच तेर. इथले कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदरापर्यंत जाई आणि तिथून रोमन जगात. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे या गृहस्थांनी गावात सापडणाऱ्या मूर्ती, मणी, नाणी, खापरे आयुष्यभर जमवली. त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय आज गावात आहे. इटलीतल्या पोंपेई शहराच्या उत्खननात १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती मूर्ती मिळाली. तिच्याशी साम्य असलेली हस्तिदंती मूर्ती तेरलाही मिळाली आहे. हेच तेर संत गोरोबाकाकांचे गाव. मातीकामाचा तास घ्यायला याहून चांगली जागा कोणती? आणि ‘रूम’ हा शब्द उर्दू शिकणाऱ्या मुलाला परका नाही. रोमवरूनच तो आला आणि पुढे तुर्कांच्या मुलखाला लागला. विजापूरची प्रसिद्ध ‘मलिक-ए-मैदान’ तोफ १५४९ साली अहमदनगरात ओतली गेली. ती ओतणारा कारागीर ‘रूमी’ म्हणवला जाई आणि ती तोफ काही काळ आमच्या परंड्याच्या किल्ल्यावर होती. सहावीच्या मुलाला तेर ते परंडा एवढा एक नकाशा काढायला लावला तर अर्धे जग त्यात येते.

विज्ञानासाठी दारात बांधलेली उस्मानाबादी शेळी आहे. काळीभोर, कमी पाण्यात तगणारी, बहुधा जुळी देणारी. हीच जात इथे का टिकली, हा प्रश्न म्हणजे भूगोल, हवामान आणि जीवशास्त्र एकत्र. प्रमाण शिकायला भूमकडच्या खव्याच्या भट्ट्या आहेत. किती दुधाला किती खवा, किती सरपण आणि उरले काय? खनिजांसाठी बालाघाटच्या डोंगरातला काळा बेसाल्ट आहे, ज्यात धाराशिवची लेणी कोरली गेली. इथे कसलाही संच विकत आणावा लागत नाही.

मग हे सगळे घरी करता येणार नाही काय? येईल. घरशिक्षणाच्या बाजूने जे बोलले जाते त्यात तथ्य आहे आणि ते प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. घरी एका मुलामागे एक मोठे माणूस असते, शाळेत चाळिसांमागे एक. घरी मूल आपल्या चालीने चालते. शाळेत मारही असतो, टोमणेही असतात, आणि नावावरून मुलाला वेगळे पाडणेही असते. ‘तू तिकडचा’ हे वाक्य ऐकून घरी आलेल्या मुलाच्या बापाला ‘राष्ट्रीय प्रवाहात या’ असा उपदेश करणे सोपे आहे. त्याने पोराला जवळ घेऊन दार लावले तर त्यात फक्त कर्मठपणा पाहू नये, भीतीही पाहावी. शिवाय आमच्याकडे घरच्या तालमीची परंपरा थोर आहे. डेप्युटी नझीर अहमद यांना आपल्या मुलींना वाचायला द्यावे असे पुस्तक मिळेना, म्हणून त्यांनी स्वतः लिहायला घेतले. थोरल्या मुलीसाठी लिहिलेले ‘मिरात-उल-उरूस’ १८६९ साली छापले गेले आणि उर्दूतल्या पहिल्या कादंबऱ्यांत गणले गेले. पुढे हेच नझीर अहमद काही वर्षे निजामाच्या नोकरीत हैदराबाद संस्थानात होते. म्हणजे उर्दू कादंबरीचा जन्मच एका बापाने मुलींना घरी शिकवण्याच्या खटपटीतून झाला आहे. बंगालच्या रुकैया सखावत हुसेन यांचेही तेच. घरात मुलींना बंगाली-इंग्रजी शिकण्याची मनाई असताना थोरल्या भावाने रात्री, घर झोपल्यावर, बहिणीला शिकवले.

आणि काळाने आम्हा सगळ्यांनाच एकदा घरशिक्षणाचा धडा दिला आहे. २०२० साली कोविडमुळे शाळांना कुलपे लागली. ज्या घरात आई-बाप शिकलेले, हातात फोन आणि बसायला स्वतंत्र खोली होती, तिथली काही मुले शाळेपेक्षा जास्त शिकली. ज्या घरात एकच फोन आणि तोही बापाबरोबर कामावर जात होता, तिथली मुले जोडाक्षरेसुद्धा विसरून आली. ‘घर ही पहिली शाळा’ हा सुविचार आपण फळ्यावर लिहितो. पण घर म्हणजे कोणाचे घर, हे त्या सुविचारात लिहिलेले नसते. दिवाळीच्या सुमारास भूम, परंडा, वाशी, कळंब भागातून ऊसतोडीला जाणाऱ्या बिऱ्हाडातल्या मुलाचे घर म्हणजे उसाच्या फडाजवळची कोपी. तिथे आईच पहाटे चारला कोयता घेऊन बाहेर पडते. त्याला घरी कोण शिकवणार? तिथे उलटे करावे लागते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरे चारणाऱ्या आदिवासी मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. मूल शाळेत येऊ शकत नसेल तर शाळेने मुलाकडे जायचे असते. मूल येत नाही म्हणून शाळेने नाव कमी करायचे नसते.

इथवर प्रश्न साधनांचा होता. आता नीतीचा. समजा घर संपन्न आहे, आई-बाप शिकलेले आहेत, तेर आणि नळदुर्ग दाखवायला गाडी आहे. तरीही मूल घरीच ठेवण्याचा त्यांना अधिकार आहे काय? कायद्यात याचे थेट उत्तर नाही. शिक्षण हक्क कायद्याचे दहावे कलम मुलाला शेजारच्या शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य म्हणून सांगते. दुसरीकडे मुक्त विद्यालयांची दारे उघडी आहेत आणि दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या बसता येते. कायद्याने मधली जागा मोकळी सोडली की तिथे विवेकाला उभे राहावे लागते.

आमच्या दीनमध्ये औलादीला ‘अमानत’ म्हटले जाते. हा शब्द आपण लग्नाच्या भाषणात वापरतो आणि विसरतो. अमानत म्हणजे दुसऱ्याची ठेव. ती आपल्या घरात असते पण आपली नसते. तिची राखण करायची, तिच्यात खोट येऊ द्यायची नाही आणि एक दिवस ती परत करायची. मूल अमानत असेल तर आई-बाप मालक नाहीत, विश्वस्त आहेत. ‘माझे मूल, मी काहीही शिकवीन किंवा शिकवणार नाही’ हे वाक्य मालकाचे आहे. पण याच न्यायाने शाळा आणि सरकारही मालक नाहीत. मुलाला साच्यात घालून सारखे करणे हीसुद्धा खयानतच. म्हणून घर की शाळा, या वादात ‘मूल कोणाचे’ असे विचारून भागणार नाही. ते कोणाचेच नाही, ते स्वतःचे व्हायचे आहे. आपल्या ताब्यात असलेल्या काळात आपण त्याला तसे होऊ देतो की नाही, एवढेच विचारायचे.

झाकिर हुसेन यांनी मुलांसाठी एक गोष्ट लिहिली आहे, ‘अब्बू खां की बकरी’. मूळ कल्पना फ्रेंच लेखक दोदे याची. उर्दूत ती अलमोड्याच्या डोंगरात येऊन बसली. म्हातारा अब्बू खां शेळ्या पाळतो, त्यांच्यावर जीव टाकतो, पण एकेक शेळी दावे तोडून डोंगरात जाते आणि लांडगा तिला खातो. ‘चांदनी’ नावाची शेळीही जाते. तिला लांडगा ठाऊक आहे. रात्रभर ती त्याच्याशी झुंजते आणि पहाटे पडते. झाडावरचे पक्षी कोण जिंकले याची चर्चा करतात. बहुतेकांच्या मते लांडगा. एक म्हातारा पक्षी मात्र चांदनी जिंकली असे म्हणतो. सहावीच्या वयाच्या मुलांना ही गोष्ट सांगितली की वर्ग गप्प होतो. मग भांडण सुरू होते. कोणी म्हणते, अब्बू खां चांगला होता, चारा देत होता, ती मूर्ख. कोणी म्हणते, दाव्याला बांधले म्हणजे चांगला कसा? आम्हाला वाटते, घरशिक्षणाच्या प्रश्नाचा गाभा या भांडणात आहे. अब्बू खांचे प्रेम खोटे नव्हते. लांडगाही खोटा नव्हता. प्रेम आणि भय दोन्ही खरे असताना दाव्याची लांबी कोणी ठरवायची?

आणि हे भांडण व्हायला वर्ग लागतो, हेही लक्षात घ्यावे. एकट्या मुलाला आईने ही गोष्ट सांगितली तर आईला जे वाटते तेच त्याला वाटण्याचा संभव फार. सहावीच्या गणितात सरळव्याजाचा धडा येतो तेव्हा आमच्या वर्गात कोणीतरी हमखास विचारते, सूद हराम आहे तर त्याची गणिते का सोडवायची? तेवढ्यात दुसरे मूल बोलते, आमच्या अब्बांनी दुकानासाठी कर्ज काढले आहे, दरमहा हप्ता जातो, मोजता आले नाही तर फसवतील. शास्त्र एकीकडे, जगणे दुसरीकडे, आणि दोन्हींच्या मधोमध अकरा वर्षांची दोन मुले. अशा वेळी जे शिक्षण घडते ते कुठल्याही अभ्यासक्रमात लिहून ठेवता येत नाही. त्याला ‘दुसरा’ लागतो, ज्याच्या घरचे मीठ वेगळे आहे असा दुसरा.

हाच निकष आम्ही स्वतःलाही लावतो. उर्दू शाळा हेसुद्धा एक मोठे घरच आहे. एका भाषेचे, एका समाजाचे, मायेचे घर. तिथे मूल मातृभाषेत शिकते, त्याला परके वाटत नाही आणि हे मोलाचे आहे. पण दहावीपर्यंत त्याच्या बाकावर एकदाही मराठी बोलणारे मूल बसत नाही, हेही खरे आहे. तेरची सहल उर्दू शाळेची वेगळी आणि मराठी शाळेची वेगळी निघते. दोन्ही शाळांनी एका बसने जावे, संग्रहालयातली मूर्ती पाहून एकाने उर्दूत आणि एकाने मराठीत वर्णन लिहावे आणि एकमेकांना वाचून दाखवावे, याला शासनाच्या कुठल्या परिपत्रकाची गरज नाही. मुसलमानांनी मराठीत लिहायचे की नाही, हा वाद ज्या समाजाने एकेकाळी घातला त्याला, या अंकाच्या वाचकांना, यातले महत्त्व वेगळे सांगायला नको.

नझीर अहमद यांच्या कादंबरीकडे पुन्हा पाहू. तिची नायिका असगरी घरात शिकलेली आहे, हिशेब-ठिशेब जाणते, संसार नेटका करते, हे सगळ्यांना आठवते. पण ती तेवढ्यावर थांबत नाही. ती आपल्याच घरात मोहल्ल्यातल्या मुलींसाठी मकतब काढते. १८७३ सालच्या ‘बनात-उन-नाश’ या पुढच्या पुस्तकात तर त्या घरच्या शाळेचेच वर्णन आहे. शिवण-स्वयंपाकाबरोबर तिथे भूगोल आणि विज्ञानाच्या गोष्टीही निघतात. रुकैया यांनाही घरच्या शिक्षणाने लेखिका केले होते. त्या तेवढ्यावर समाधानी राहू शकल्या असत्या. त्यांनी १९११ साली कलकत्त्यात आठ मुलींना घेऊन शाळा काढली. ज्यांना घरी उत्तम शिक्षण मिळाले त्यांनी ते घरात कोंडून ठेवले नाही. घरच्या तालमीची खरी परीक्षा इथे आहे. त्या घराचे दार दुसऱ्याच्या मुलासाठी उघडते का?

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने सांगितले की सहा ते चौदा वयोगटातील २५ टक्के मुस्लिम मुले एक तर शाळेत गेलीच नव्हती किंवा मधूनच गळाली होती. २००१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता ६४.८ टक्के होती आणि मुस्लिमांची ५९.१. हे आकडे आता जुने झाले. पण ‘गळती’ या शब्दात एक खोट आहे. ती आजही तशीच आहे. फळ गळते तेव्हा कोणी ठरवलेले नसते. मुलगी गळत नाही. तिच्याबद्दल कोणीतरी ठरवते, आणि ठरवताना ‘घरी शिकेल’ असे म्हणते.

म्हणून पालकांना आमचे एकच मागणे आहे. ‘घरी शिकेल’ असे म्हणण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि तिच्या आठवड्याचे वेळापत्रक लिहा. सोमवार ते शनिवार. वाचनाला किती वेळ, गणिताला किती, हाताच्या कामाला किती? हाताच्या कामासमोर भांडी, झाडलोट, धाकट्याला सांभाळणे असे येईल. येऊ द्या, काम हलके नसते. पण वर्ध्याच्या समितीचा इशारा इथे आठवा. काम तेव्हाच शिक्षण होते जेव्हा करणाऱ्याला ‘हे असे का?’ विचारता येते आणि त्याचे उत्तर शोधायला वेळ मिळतो. तिने शिवलेल्या कुर्त्याचे माप तिने घेतले की फक्त टीप मारली? डाळीत मीठ किती हे तिला माहीत आहे, मीठ विरघळते कसे हे तिला कोणी विचारले? मग त्याच कागदावर तिच्या भावाचे वेळापत्रक लिहा. दोन्हींत फरक असेल तर तो कशामुळे, हे एका ओळीत लिहा. नंतर ती ओळ तिला वाचून दाखवा. शेवटी लिहा, या आठवड्यात ती घराबाहेरच्या, आपल्या नात्यागोत्यात नसलेल्या किती माणसांशी बोलेल आणि किती नव्या जागा पाहील.

पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू पालकांनीही हाच कागद भरावा. त्यांच्या रकान्यांत चित्र, संगीत, नाटक, भूमिती ओसंडून वाहील. शेवटच्या रकान्यात काय येईल ते त्यांनी पाहावे. घर कामगार बाईची मुलगी त्या रंगांच्या टेबलापाशी बसते काय, हेही पाहावे.

कागद भरून झाल्यावर ज्यांना घरीच शिकवायचे असेल त्यांनी जरूर शिकवावे. आमच्याकडे तख्ती आहे, बोरू आहे, परकार आहे, तेरच्या संग्रहालयाचा रस्ता आम्हाला ठाऊक आहे. आम्ही रविवारी येऊ. फक्त त्या दिवशी शेजारच्या चार मुलींनाही बोलावून ठेवावे आणि दाराला कडी लावू नये.